वरखर्चाचा एकच आकडा सांगणाऱ्या एजंटापासून सावध राहा

पुण्यात मी एकटीच्या नावावर रिसेलचा वन बीएचके घेतला. किंमत ६२ लाख. भाव ठरला, टोकन दिलं आणि एजंटाने कागदाच्या चिठोऱ्यावर वरखर्च लिहून दिला: स्टॅम्प ड्युटी ४ लाख ३४ हजार, रजिस्ट्रेशन ६२ हजार, सोसायटी ट्रान्सफर ५० हजार, ऑफिस खर्च १५ हजार. एकूण ५ लाख ६१ हजार. "मॅडम, तुम्ही माझ्याकडे द्या, सगळं मी बघतो. तुम्ही फक्त सहीला या." त्याची एक टक्का दलाली याहून वेगळी होती, आणि ती त्याने विकणाऱ्याकडूनही घेतली. दलालीबद्दल माझी तक्रार नाही. ते ठरलं होतं.

या चार ओळींपैकी पहिल्या तीन खोट्या होत्या.

आधी स्टॅम्प ड्युटी. करारात दुसरं काही ठरलं नसेल तर ती विकत घेणाऱ्याने भरायची, असं महाराष्ट्राच्या मुद्रांक कायद्यातच आहे. त्यामुळे ती माझीच, यात वाद नाही. पुणे महापालिका हद्दीत एकूण दर ७ टक्के, त्याप्रमाणे ४ लाख ३४ हजार बरोबर दिसतात. पण राहतं घर फक्त स्त्रीच्या किंवा स्त्रियांच्या नावावर होत असेल, तर १ एप्रिल २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. मी हे विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला, "ती घेऊ नका, मग पंधरा वर्षं पुरुषाला घर विकता येत नाही, अडकून पडाल." अशी अट होती, पण ती २०२३ मध्येच काढून टाकली गेली. त्याला हे पक्कं माहीत होतं, कारण माझ्या दस्तावर त्याने सवलत घेतलीच. सरकारला भरले ३ लाख ७२ हजार. वरचे ६२ हजार त्याच्याकडे राहिले.

रजिस्ट्रेशन फी एक टक्का, हे अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रात तिला ३० हजारांची कमाल मर्यादा आहे. घर ३० लाखांचं असो की तीन कोटींचं, ३० हजारांच्या वर ही फी जात नाही. माझ्याकडून घेतले ६२ हजार. म्हणजे आणखी ३२ हजार गेले.

सोसायटीच्या ५० हजारांचा मला सगळ्यात जास्त राग आहे. ते त्याने रोख मागितले, "कमिटीला द्यावे लागतात, पावती मिळत नाही" म्हणाला. सहकार खात्याचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक आहे: महापालिका हद्दीत ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे घर दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, जास्तीत जास्त २५ हजार. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, त्याशिवाय ५०० रुपये हस्तांतर फी आणि १०० रुपये प्रवेश फी. देणगी, विकास निधी, काहीही नाव देऊन यापेक्षा जास्त घेता येत नाही. हा पैसा घेणाऱ्याने द्यायचा की विकणाऱ्याने, हे दोघांनी आपसात ठरवायचं असतं. आमच्या करारात निम्मे-निम्मे लिहिलं होतं. पुढे कळलं की विकणाऱ्या काकांनी पूर्ण २५ हजार चेकने भरले होते आणि त्यांच्याकडे सोसायटीची पावती होती. त्यांना एजंटाने सांगितलं होतं, "पार्टी द्यायला तयार नाही, तुम्हीच भरून टाका." म्हणजे त्यांनाही माझ्याबद्दल खोटं सांगितलं. सत्तरीच्या पुढचा माणूस, घर रिकामं करताना मनात माझ्याबद्दल अढी घेऊन गेला. सेक्रेटरींनी माझ्याकडून एक रुपयाही मागितला नव्हता.

त्याचा एक डाव मात्र फसला. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर एक टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापावा लागतो. "ते ६२ हजार तुम्ही वरून भरायचे," असं तो म्हणत होता. माझ्या मावसभावाला त्यातलं कळतं, त्याने तिथेच थांबवलं. हा कर विकणाऱ्याचा असतो. आपण तो त्याला द्यायच्या रकमेतून कापायचा आणि त्याच्या पॅनवर भरायचा, वर एक पैसाही लागत नाही.

सब-रजिस्ट्रार ऑफिसात अंगठा, फोटो, सह्या इतक्या घाईत उरकल्या जातात की पानं वाचायला कुणी सवडच देत नाही. मूळ दस्त परस्पर बँकेत गेला, कारण कर्ज होतं. वीजबिलावर नाव बदलायला इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सरकारी गोषवारा, लागला, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या हातात आला. त्यात मोबदला, बाजारभाव आणि खाली भरलेलं मुद्रांक शुल्क व नोंदणी शुल्क स्वच्छ मराठीत छापलेलं असतं. १ लाख ४४ हजारांची चोरी त्या एका पानावर आणि काकांच्या पावतीवर उघडी पडली.

वकिलाची नोटीस गेल्यावर ड्युटी आणि फीमधले ९४ हजार परत आले, कारण ते मी त्याच्या खात्यात ट्रान्सफर केले होते आणि नाकबूल करायला जागा नव्हती. रोख दिलेले ५० हजार "मी घेतलेच नाहीत" या एका वाक्यावर अडले आहेत. पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे.

आता घर घेणाऱ्यांना कळकळीने सांगते. ड्युटी आणि फी एजंटाच्या खात्यात टाकूच नका. सरकारच्या ग्रास या संकेतस्थळावर आपल्या नेट बँकिंगने स्वतः भरता येते, चलनावर आपलं नाव येतं. एजंटाने किंवा वकिलाने चलन तयार करून दिलं तरी पैसे आपल्या खात्यातून जाऊ द्या. सोसायटीचा चेक सोसायटीच्याच नावाने काढा. मेंटेनन्सची आणि मिळकत कराची थकबाकी ताबा मिळण्याच्या दिवसापर्यंत विकणाऱ्याची, हे साठेखतात, म्हणजे खरेदीआधीच्या करारात, लिहून घ्या. ट्रान्सफर प्रीमियम कुणाचा, किती, हेही त्यातच. "ऑफिस खर्च" म्हणजे काय, ते विचारा. मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आणि ज्यांनी अशीच एकरकमी रक्कम देऊन घर घेतलं आहे, त्यांनी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये आपल्या दस्ताचा इंडेक्स टू काढावा. तिथे बाराव्या आणि तेराव्या रकान्यात ड्युटी आणि फी असते. ते दोन आकडे एजंटाला दिलेल्या रकमेशी ताडून पाहा.