ग्रान पारादिसो: पाच दिवसांची वाट घ्या, दोन दिवसांची नको

इटलीतल्या ग्रान पारादिसोची जाहिरात बहुतेक ठिकाणी 'दोन दिवसांत चार हजारी शिखर' अशी होते. दुपारी पोंट गावातून हटवर (डोंगरावरच्या मुक्कामाच्या घरात) चढायचं, पहाटे 4061 मीटरचं शिखर, संध्याकाळी परत गाडीत. आल्प्सच्या पायथ्याला राहणाऱ्यांना ते झेपतं. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर आहे. इथून विमानाने जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी चार हजारावर उभं राहायचं म्हणजे डोकेदुखी आणि उलटीला आमंत्रण, आणि मग शिखराच्या तासभर अलीकडून परतणं. म्हणून ही शिफारस त्या दोन दिवसांच्या पॅकेजची नाही. कोन्ये गावाकडून सुरू होणारी, तीन हट जोडणारी पाच दिवसांची वाट घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण शरीराला चढायला वेळ मिळतो.

मिलान किंवा तोरिनोहून आओस्ता, तिथून बसने कोन्ये आणि मग वालनोंते. पहिला दिवस छोटा: वालनोंतेहून अडीच-तीन तासांत वित्तोरिओ सेल्ला हट, उंची 2584 मीटर. वाट रुंद, वळणं सौम्य. राजाच्या शिकारीसाठी बांधलेल्या घोडेवाटा आहेत या. 1856 साली हा सगळा मुलूख राजाचं शिकारीचं राखीव रान झाला आणि 1922 साली इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. दाजीपूर ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. कोल्हापूरच्या महाराजांचं शिकारीचं रान 1958 साली अभयारण्य झालं. तिथे गवा वाचला, इथे आयबेक्स. संध्याकाळी हटच्या आसपास हे मोठ्या शिंगांचे रानबोकड निवांत चरताना दिसतात. त्यासाठी का होईना, पहिला मुक्काम इथेच करा.

दुसरा दिवस लांबचा आणि गुडघ्यांची परीक्षा घेणारा. 3296 मीटरची लोझों खिंड ओलांडायची. माथ्याजवळचा टप्पा भुसभुशीत आहे, तिथे आधाराला दोर-साखळ्या लावलेल्या आहेत. जुलैच्या सुरुवातीपर्यंत सावलीच्या बाजूला कडक बर्फ राहू शकतो, त्यामुळे निघण्याआधी हटवाल्याला खिंडीची अवस्था विचारा. पलीकडे ओ रूस या वस्तीपर्यंत सोळाशे मीटरच्या वर उतार आहे. झोपायला खाली यायचं हे कुणाला उलटं वाटेल, पण दिवसा उंच जाऊन रात्री खाली झोपणं शरीराला उंचीची सवय लावायला चांगलं. ही रात्र दरीतल्या एखाद्या साध्या लॉजमध्ये काढावी. कपडे धुऊन वाळवता येतात आणि गरम पाण्याने अंघोळ होते.

तिसऱ्या दिवशी त्याच दरीतल्या प्राव्यूहून अडीच-तीन तासांत शाबो हट. तिच्यासमोर शिखराचा वायव्येकडचा बर्फाळ कडा सरळ उभा आहे. या वाटेवरचा सगळ्यात देखणा मुक्काम हाच. चौथ्या दिवशी डोंगराच्या अंगाने आडवं चालत अडीच-तीन तासांत वित्तोरिओ एमानुएले हट, सुमारे 2730 मीटर. मोठे धोंडे आहेत, पावसात निसरडे होतात, बाकी अवघड काही नाही. गाइड या दुपारी भेटेल असं ठरवा. दोन तास क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे) घालून चालणं, आइस अ‍ॅक्स (बर्फाची कुदळ) धरणं, घसरल्यावर थांबणं आणि दोरीत चालणं एवढं शिकून घ्यायला ही दुपार पुरते. ही दुपार न देणाऱ्या गाइडला पैसे देऊ नका. बिल्ला यूआयएजीएमचा (पर्वत-गाइडांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा) आहे का ते पाहा, आणि एका दोरीला किती जण असतील हे लेखी घ्या. चारपर्यंत ठीक, त्याहून जास्त असतील तर सगळ्यात हळू चालणाऱ्याच्या वेळेवर सगळ्यांचं शिखर ठरतं.

आता हटबद्दल, कारण घोळ इथेच होतात. बुकिंग 'हाफ बोर्ड' घ्यायचं: रात्रीचं जेवण, पलंग, सकाळचा नाश्ता. माणशी साधारण 60 ते 80 युरो धरा. शनिवारची रात्र टाळा. झोपण्याची चादरी पिशवी स्वतःची न्यावीच लागते, पांघरूण तिथे मिळतं. बूट आणि क्रॅम्पॉन बाहेरच्या खोलीत राहतात, आत फिरायला हटच्या चपला असतात. दहाला दिवे बंद. चार्जिंगचे सॉकेट कमी, म्हणून पॉवरबँक हवी. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे का ते विचारून घ्या, नसेल तर बाटली विकत घ्यावी लागते. रोख युरो जवळ ठेवा. जेवण म्हणजे सूप किंवा पास्ता, मग मांस नाहीतर पोलेंटा, शेवटी काहीतरी गोड. शाकाहारी आहोत हे बुकिंग करतानाच कळवा आणि पोहोचल्यावर पुन्हा सांगा, ताटात चीज-अंड्याचं काहीतरी येतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र स्वतःची सोय न्यावी. पोलेंटा मक्याच्या पिठाचा असतो, आपल्या जिभेला अळणी लागतो. शेंगदाण्याची चटणी छोट्या डबीत न्या, फरक पडतो. खिशासाठी गूळ-शेंगदाणे उत्तम. भडंग हलकं असलं तरी वाऱ्यात हातमोजे घालून खाता येत नाही, ते हटवरच ठेवा.

पाचवा दिवस. नाश्ता चारच्या सुमारास, साडेचारला बाहेर. आधी मोरेनमधले, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेले दगडधोंडे, मग हिमनदी. तिथे दोर बांधायचा. शाबोकडून लाव्हसियो हिमनदीने येणारी वाट 'गाढवाची पाठ' म्हणतात त्या धारेपाशी येऊन मिळते. त्या वाटेवर भेगा जास्त, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला एमानुएलेची बाजू बरी. शेवटी एक बर्फाची भेग ओलांडून खडकाळ कण्यावर यायचं. माथ्यावरच्या मडोनाच्या (मदर मेरीच्या) पुतळ्यापर्यंतचे शेवटचे काही मीटर अरुंद आहेत, दोन्हीकडे खोल. अवघड हालचाल नाही, पण नऊ-दहाच्या सुमारास इथे रांग लागते, आणि रांगेत उभं राहून बोटं बधिर होतात. जाड हातमोज्यांचा दुसरा जोड इथेच कामाला येतो. चढायला चार ते पाच तास धरा. साडेदहापर्यंत माथा दिसत नसेल तर गाइड परत फिरवील. त्याच्याशी वाद घालू नका: ऊन चढलं की भेगांवरचे बर्फाचे पूल मऊ होतात आणि दुपारी ढग गडगडतात.

लोक बहुतेक वेळा चढताना नाही, उतरताना चुकतात. शिखरावरून पोंट सरळ 2100 मीटर खाली आहे. पन्हाळा ते पावनखिंड दोन दिवसांत चालणारे पाय दमसासाला कमी नाहीत, पण त्या वाटेवर चिखल आणि अंतर आहे, एवढा सलग उतार नाही. त्यासाठी जोतिबाचा डोंगर आठ किलोची पाठपिशवी घेऊन एका सकाळी तीनदा चढून उतरावा, आठवड्यातून एकदा, निदान दहा आठवडे. उतार मुद्दाम सावकाश. मांड्या तयार होतात त्या उतरण्यानेच.

बूट हा दुसरा मुद्दा. नेहमीच्या मऊ ट्रेकिंग बुटावर क्रॅम्पॉन सुटतात. ताठ तळव्याचा, टाचेला खाच असलेला बूट लागतो. तो भाड्याने मिळतो, पण आयुष्यभर चपलेत वावरलेला पाय पुढे पसरलेला असतो आणि इटालियन बूट अरुंद. म्हणून एक नंबर मोठा मागा, जाड मोजे घालून जिन्यावर उतरून पाहा. बोटं पुढे टेकली तर बदला. क्रॅम्पॉनखाली बर्फाचे गोळे धरू नयेत म्हणून रबरी पट्टी लावलेली आहे का, तेही तपासा. पँटचे पायघोळ टोक काट्यात अडकून माणूस पडतो, गेटर (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) घालाच. उन्हाचा चष्मा कॅटेगरी 4 चा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा. पाठपिशवी 35 ते 40 लिटरची, पाण्यासकट नऊ किलोच्या आत.

शेंगेन व्हिसासाठी 30,000 युरोचा विमा लागतोच, पण साध्या पॉलिसीत दोर लावून केलेली चढाई बहुधा वगळलेली असते. बारीक अक्षरं वाचा. ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबचं सदस्यत्व घेतलं तर बचावकार्याचा विमा आणि हटभाड्यात सवलत, दोन्ही मिळतात. व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तारखा लवकर भरतात, म्हणून हट जानेवारी-फेब्रुवारीतच पक्की करा. जूनअखेर ते जुलै उत्तम. ऑगस्टच्या शेवटी उघडा बर्फ आणि रुंद भेगा वाढतात.

परतीचं तिकीट शिखराच्या दुसऱ्या दिवसाचं काढू नका, एक दिवस मोकळा सोडा. हवामान बिघडलं तर गाइड तोच दिवस वापरतो. आणि पोंटहून आओस्ताला जाणाऱ्या बसेस मोजक्या आहेत. शेवटची बस कितीची, ते हटवरून पहाटे निघण्याआधीच लिहून घ्या.