लिकुआला पाम: दुसऱ्या पावसाळ्यानंतर

रत्नागिरीच्या आमच्या अंगणात लिकुआला ग्रँडिस येऊन आता दुसरा पावसाळा सरला. घेण्याआधी जे वाचलं, ऐकलं त्यात सगळा भर खतपाण्यावर होता. मला मात्र आता पक्कं वाटतं, की या झाडाचं भलंबुरं आधी जागेवर ठरतं. खताचा विचार त्यानंतर.

आधी पानाबद्दल. पान जवळजवळ पूर्ण गोल, न चिरलेलं, देठापासून कडेपर्यंत एकसारख्या चुण्या पडलेलं. मोठ्या झाडावर ते हातभराहूनही रुंद होतं. पंख्याच्या पानांचा आपला ताडही आहेच, पण तो घराच्या अंगणात कुठे मावणार! लिकुआला मोठा होऊनही दहाएक फुटांच्या आसपास थांबतो, आणि तिथवर जायला कित्येक वर्षं घेतो. नवं पान आधी घट्ट मिटलेल्या सुरळीसारखं वर येतं, मग हळूहळू सुटत जातं. ते पूर्ण उघडेपर्यंत मी रोज सकाळी जाऊन बघते, अजूनही.

आणलं तेव्हा झाडाला पाच पानं होती. पहिल्या वर्षात तीन नवी आली आणि हा वेग वाईट नाही. जास्वंदीचं पान करपलं तर चार दिवसांत दुसरं फुटतं. इथे मे महिन्यात पडलेला डाग पुढच्या मे महिन्यातही समोर दिसत राहतो. शिवाय सगळी वाढ शेंड्यातल्या एकाच कोंबातून होते. तो कुजला की झाड गेलं, बाजूने फुटवा येत नाही.

हे झाड मूळचं दक्षिण पॅसिफिकमधल्या वानुआटू बेटांकडचं, तिथल्या पावसाळी जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारं. दमट हवा आणि सावली त्याला जन्मापासूनची सवयीची. कोकणची हवा म्हणूनच त्याला मानवते, पण कोकणचा वारा नाही. चुण्यांच्या रेषेवर पान सरळ फाटतं. आपल्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येतो, म्हणून मी कुंडी घराच्या पूर्वेला, पडवीच्या कोपऱ्याशी ठेवली. घराचीच भिंत आडोसा झाली. सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दहानंतर पोफळींची सावली येते. दोन्ही पावसाळ्यांत एकही पान फाटलं नाही. शेजारी याच जातीचं झाड पश्चिमेच्या गडग्याला लागून आहे. खतपाणी माझ्यापेक्षा जास्त, पण पानांच्या झिरमिळ्या झाल्या आहेत.

माती: जांभी माती, जाड रेती, कुजलेलं शेणखत आणि नारळाच्या सोडणांचे बारीक तुकडे. थोडी आम्ल माती याला आवडते, त्यामुळे जांभी माती इथे सोयीचीच. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तेव्हा कुंडीखालची थाळी काढून ती विटांवर ठेवायची. मुळं ओली राहिलेली चालतात, तुंबलेलं पाणी नाही.

एवढ्या पावसात कुंडीतलं पोटॅशही धुऊन जातं. पहिल्या पावसाळ्यानंतर खालच्या जुन्या पानावर पिवळे-नारिंगी ठिपके दिसले ते त्यामुळेच. सल्फेट ऑफ पोटॅश थोडं थोडं दिल्यावर नवी पानं स्वच्छ आली. ठिपक्यांचं पान लगेच कापू नका. झाड त्यातलं पोटॅश ओढून नव्या पानाला देत असतं, ते पूर्ण वाळलं की मगच काढायचं. माडाला घालतो तशी चुलीतली राख इथे सढळ हाताने नको, मातीची आम्लता कमी होते.

माझ्या बहिणीचा लिकुआला पुण्यात गच्चीवर आहे. बोअरच्या जड पाण्याने त्याच्या पानांच्या कडा तपकिरी होत गेल्या. आता ती पावसाचं साठवलेलं पाणी वापरते आणि उन्हाळ्यात शेडनेट लावते. कोरड्या हवेत कोळी ही बारीक कीड पडते, म्हणून पानं खालून धुणं आलंच. थंडीत पारा दहाच्या खाली जायला लागला की कुंडी घरात. झाड जगलंय, पण कष्ट कोकणाच्या दुप्पट. पुण्यात घ्यायचंच असेल तर ऱ्हॅपिस, म्हणजे लेडी पाम, बघा. तोही सावकाश वाढतो, पण थंडी आणि कोरडी हवा बरीच जास्त सोसतो.

पिठ्या ढेकूण एकदाच दिसला, तोही देठाच्या बेचक्यात. निंबोळी तेलाने गेला. देठांच्या कडेला काटे असतात, लहान मुलं खेळतात तिथे कुंडी नको.

विकत घेताना किती पानं आहेत ते मोजत बसू नका, मधली सुरळी बघा. ती ताठ आणि हिरवी हवी, हलकेच ओढल्यावर हातात येता कामा नये. बियांपासून रोप करायचा विचार असेल तर बी रुजायलाच कित्येक महिने जातात, म्हणून थोडे पैसे जास्त देऊन वाढलेलं झाड घेणं मला योग्य वाटतं. घरी आणल्यावर लगेच मोठ्या कुंडीत हलवू नका. मुळं दुखावलेली याला खपत नाहीत आणि थोड्या घट्ट कुंडीत ते खुशाल राहतं.