अकरा-चाळीसची कॅसेट: अकरा महिने, सिंहगड ते लेह

गेल्या नोव्हेंबरात मनाली–लेह सायकलने करायचं ठरलं, तेव्हा ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, 'मग नवी सायकल कोणती घेणार?' माझी हायब्रिड (रस्त्याच्या आणि डोंगरातल्या सायकलींच्या मधली) चार वर्षांची आहे, साडेचौदा किलोची. ती तशीच ठेवली. फक्त मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, बदलली. अकरा महिने आणि साधारण साडेतीन हजार किलोमीटरनंतर हा अनुभव लिहितोय, तो त्या कॅसेटचा आणि तिच्या नादाने केलेल्या तयारीचा.

सायकल दुकानातून आली तेव्हा पुढे 46 आणि 30 दातांच्या दोन चकत्या होत्या आणि मागे 11-32 ची (सगळ्यात लहान चकती 11 दातांची, सगळ्यात मोठी 32 ची) आठ गिअरची कॅसेट. सगळ्यात हलक्या गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण दोन मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी सव्वासात किलोमीटर. रिकाम्या सायकलवर गोळेवाडीच्या नाक्यापासून सिंहगड चढताना हे निभावतं. पण बारा किलो सामान लावलं की साठाचे चाळीस फेरे होतात आणि गुडघा बोलायला लागतो. 11-40 टाकल्यावर तोच फेरा 1.6 मीटरवर आला. वेग ताशी सहाच्या आत, म्हणजे चालणाऱ्यापेक्षा जेमतेम जास्त. पण बसून, आणि गुडघा गप्प.

पेठेतल्या मेकॅनिककाकांनी आधी वेड्यातच काढलं. "अहो, हे डोंगरातल्या सायकलींचं आहे." म्हटलं, काका, डोंगरातच चाललोय. चेन एका चकतीवरून दुसरीवर नेतो तो डिरेलर. जुन्या डिरेलरला 40 दातांची चकती झेपत नाही, त्यामुळे लांब पिंजऱ्याचा डिरेलर घ्यावा लागला. जुनी चेन आखूड पडली म्हणून चेनही नवी. नुसती कॅसेट बदलून काम भागेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

सराव रिकाम्या सायकलवर करायचा नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. पॅनिअरमध्ये (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो इंद्रायणी तांदूळ भरून रविवारी सिंहगड. तिसऱ्या रविवारी आई म्हणाली, "तोच तांदूळ गडावर नेऊन परत आणतोस? निदान वर पिठलं-भाकरी तरी खाऊन ये." खाऊन येतच होतो, पण ते सांगितलं नाही.

खरी परीक्षा जानेवारीत झाली. तीन दिवसांत पुणे, वाई, पसरणीचा घाट, महाबळेश्वर, मग आंबेनळी उतरून पोलादपूर आणि महाडजवळून वरंध चढून भोरमार्गे घरी. वरंधच्या मधल्या वळणावर मागून खडखड यायला लागली. कॅरिअरचा डावीकडचा खालचा बोल्ट गळून पडला होता आणि पॅनिअर चाकाच्या तारांवर घासत होता. दोन केबल टायवर भोर गाठलं. हे घाटात झालं ते बरंच झालं, कारण घरी आल्यावर चारही बोल्टना थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा गोंद) लावला, आत नायलॉन असलेले नट बसवले आणि दोन जादा बोल्ट हँडलबारच्या टोकात कोंबून ठेवले. लेहपर्यंत एकही ढिला झाला नाही. पॅनिअर मात्र 'वॉटरप्रूफ' म्हणून विकत घेतले होते आणि जुलैत ताम्हिणीला आत पाव लिटर पाणी निघालं. आता कपडे आधी साध्या कचऱ्याच्या काळ्या पिशवीत जातात.

आंबेनळीच्या उतारावर डिस्क ब्रेकचे पॅड किती झिजतात ते डोळ्यांनी बघितलं, म्हणून लेहला दोन जोड्या जादा नेल्या. एक लागली.

पुण्यात बसून उंचीचा सराव होत नाही. आपलं कळसूबाई 1646 मीटर, मनाली त्याच्याही चारशे मीटर वर, आणि वाटेतली टांगलांग ला ही खिंड 5328. तिथे हवेचा दाब पुण्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यामुळे नियोजन किलोमीटरचं न करता झोपायच्या जागांचं केलं. 3000 मीटरच्या वर रोजचा मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त चढवायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम, हा डॉक्टरांचा नेहमीचा सल्ला. वाटेतल्या मुक्कामांपैकी जिस्पा साधारण 3200 आणि झिंगझिंगबार 4270, म्हणून मध्ये एक मुक्काम घातला. तंबू तेवढाच एकदा उघडला. पुढे सरचू आणि पांग इथे ढाब्यांच्या तंबूत झोपायची सोय होते. अडीच किलोचं ते धूड बाकी सगळे दिवस उगाच वाहिलं. सप्टेंबर निवडला ते मात्र बरोबर ठरलं. तरी वितळलेल्या बर्फाचं पाणी दुपारनंतर नाल्यांना चढतं, म्हणून नाले सकाळीच ओलांडायचे.

आता ज्यासाठी हा खटाटोप केला, ते. गाटा लूप्स, 21 वळणं, फोटोत बघून पोटात गोळा आला होता. प्रत्यक्षात तिथला चढ सिंहगडापेक्षा सौम्य निघाला, रस्ता जड ट्रकांच्या हिशोबाने काढलेला. रिकामी सायकल असती आणि पुण्याची हवा असती तर 32 वरही चढलो असतो. पण श्वासच पुरत नव्हता. पाय ठीक, छाती भात्यासारखी. तिथे 40 ची चकती पायांपेक्षा फुप्फुसाला उपयोगी पडली, कारण एका फेऱ्याला काम कमी आणि श्वास ताल सोडत नाही. टांगलांग लाच्या शेवटच्या सहा किलोमीटरला दोन तास लागले, एकदाही ढकलत नेली नाही. खिंडीत बाकरवडीचं पाकीट फुगून उशीसारखं झालं होतं. फोडलं तर फट्‌ आवाज, आणि शेजारचा बुलेटवाला दचकला.

तक्रार आहेच. या कॅसेटमध्ये 22 वरून एकदम 28 येतं. सपाट रस्त्यावर समोरून वारा असला की एक गिअर फार जड आणि पुढचा फार हलका. मोरे मैदानात त्याने डोकं फिरवलं आणि कर्वे रोडवर रोज ऑफिसला जाताना अजूनही फिरवतो. घाट-डोंगर करायचा नसेल तर हा खर्च करू नका.

परवा काकांकडे चेन मापून घेतली, ती बदलायला आली आहे. कॅसेटच्या मधल्या चकत्या पुण्यातल्या रोजच्या फेऱ्यांनी काळवंडल्या आहेत. 40 ची चकती अजून चकचकीत आहे. नवी चेन लावून घेतली, कॅसेट तीच ठेवली.