दहा प्रश्नांत बालपण: एका ऑनलाइन चाचणीचे परीक्षण

बालपणीचे आघात, त्यांतून सावरण्याची क्षमता आणि सध्याचे नैराश्य या तिन्हींची मोजणी करून देणारी एक सशुल्क ऑनलाइन चाचणी मी सोडवली. तिचा अहवाल हाती आल्यावर हे लिहीत आहे. नाव मुद्दाम देत नाही, कारण याच साच्याच्या चाचण्या अनेक ठिकाणी मिळतात.

चाचणीचा आधार भक्कम आहे. अमेरिकेत सॅन दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी, रॉबर्ट अँडा आणि सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासाचा पहिला अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातले व्यसन, आईवर होणारी हिंसा अशा प्रकारांपैकी चार किंवा अधिक वाट्याला आलेल्यांत, यांपैकी काहीच न भोगलेल्यांच्या तुलनेत, नैराश्याची शक्यता साडेचार पटींच्या आसपास दिसली. पुढे रूढ झालेली दहा प्रश्नांची यादीच येथे मराठीत दिली आहे; प्रत्येक होकाराला एक गुण आणि शेवटी गुणांची बेरीज. आणि मराठी, खरे सांगायचे तर, अपेक्षेपेक्षा बरे आहे.

यादी मात्र जशीच्या तशी उचलल्यामुळे आई-वडील विभक्त झाले होते का हे विचारले जाते, पण वडील लहानपणीच वारले का हे विचारले जात नाही. ऊसतोडीच्या हंगामात शाळा सोडून फडाजवळच्या कोपीत राहिलेल्या बीडच्या मुलाला किंवा वर्गात जातीवरून हिणवल्या गेलेल्या मुलीला या दहा प्रश्नांत जागाच नाही. त्यांची बेरीज शून्यही येऊ शकते.

माझ्या अहवालात ‘चार’ हा आकडा लाल रंगात आला आणि त्याखाली ‘नैराश्याचा उच्च धोका’ असे छापलेले होते. त्याच पानावर, नैराश्याची लक्षणे मोजणाऱ्या पीएचक्यू-९ या प्रश्नावलीत, माझे गुण २७ पैकी ३ होते, म्हणजे लक्षणे जवळपास नव्हतीच. या दोन आकड्यांची सांगड कशी घालायची याबद्दल अहवालात एक ओळही नाही. मोठ्या गटाबद्दल खरे असलेले प्रमाण एका माणसाचे भाकीत म्हणून वापरता येत नाही. एकदा खाल्लेला मार आणि रोजचा मार या दोन्हींना येथे एकच गुण मिळतो. कितव्या वर्षी, किती काळ, कोणाकडून, हे बेरजेत उरत नाही. ही बेरीज व्यक्तीच्या तपासणीसाठी वापरू नये, असा इशारा खुद्द अँडा यांनीच सहलेखकांसह २०२० साली दिला होता.

सर्वांत निराशाजनक भाग कणखरपणाचा, म्हणजे सावरण्याची क्षमता मोजण्याचा आहे. ‘मी संकटांना घाबरत नाही’ छापाच्या विधानांना सहमती दर्शवायची आणि गुण मिळवायचे. नैराश्यात असलेला माणूस स्वतःबद्दल वाईटच बोलतो, त्यामुळे येथे पडलेले कमी गुण हे आजाराचे कारण की परिणाम, हे एका बैठकीत कळणे शक्य नाही. हवाईतील कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी अनेक दशके मागोवा घेतला, तेव्हा जास्त धोक्यातील मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू प्रौढ झाली. त्यांच्यापाशी स्वभावाचे काही गुण होतेच, पण आजी, मावशी किंवा शिक्षक असे कोणीतरी एक भरवशाचे माणूसही होते. तुमच्या बाजूने तेव्हा कोण होते, आज कोण आहे, हे ही चाचणी विचारतच नाही. उलट, कमी गुण आले की सकारात्मक विचारांचा आणि दीर्घ श्वसनाचा सल्ला देते, जणू चूक सोसणाऱ्याचीच.

एक गोष्ट त्यांनी चोख केली आहे. पीएचक्यू-९ मधल्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाला मी मुद्दाम होकारार्थी उत्तर देऊन पाहिले, तेव्हा चाचणी लगेच थांबली आणि टेली-मानस या शासकीय मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक मोठ्या अक्षरांत समोर आला.

अहवालासाठी मोबाइल क्रमांक सक्तीचा आहे. लैंगिक अत्याचाराबद्दलचे उत्तर त्या क्रमांकाशी जोडून किती काळ साठवले जाते, याचा खुलासा संकेतस्थळावर मिळाला नाही; पैसे भरण्यापूर्वी तो लेखी मागून घ्यावा. अहवाल घेतलाच, तर तो समुपदेशकाला दाखवण्यापुरता ठेवावा आणि त्यातला लाल आकडा त्यांच्याकडूनच समजून घ्यावा.