बालीतील योग इंटर्नशिपच्या नावाखाली गेलेले १,५२,१०० रुपये

इंडोनेशियातील बाली बेटाच्या किनाऱ्यावरील योग स्टुडिओत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळवून देतो, असे सांगणाऱ्या एका एजन्सीने माझ्याकडून १,५२,१०० रुपये घेतले. विमानाच्या तिकिटाचे ३८,९०० रुपये त्यात धरलेले नाहीत. म्हणजे एकूण १,९१,००० रुपये गेले, आणि ते सगळे मी घरोघरी जाऊन योगवर्ग घेऊन साठवलेले होते. असे प्रकार साधारणपणे कसे चालतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक होते. तरीही मी लिहीत आहे, कारण या प्रकारात फसवणुकीला जोडूनच एक कुलूप घातलेले असते आणि त्याविषयी मला आधी कोणीही सांगितले नव्हते.

दोनशे तासांचा शिक्षक प्रशिक्षण अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या नवख्या व्यक्तीला कोणताही चांगला स्टुडिओ वर्ग देत नाही, अनुभव विचारतो. अनुभव मिळण्यासाठी वर्ग हवा आणि वर्ग मिळण्यासाठी अनुभव हवा, या कोंडीवरच हा सारा धंदा उभा आहे. रोज सकाळी समुद्रासमोर एक वर्ग शिकवायचा, राहणे आणि नाश्ता स्टुडिओकडून, शेवटी शंभर तासांच्या अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि थोडे विद्यावेतन, असे एजन्सीने सांगितले होते. नोंदणीचे १८,५०० रुपये, ‘प्लेसमेंट आणि पूर्वतयारी’चे ६४,००० रुपये, परत मिळणारी अनामत म्हणून ५०० डॉलर, म्हणजे त्या दिवशीच्या दराने ४३,१०० रुपये, व्हिसा आणि कागदपत्रांचे २२,००० रुपये आणि ‘बेट प्रवेश शुल्क’ म्हणून ४,५०० रुपये, अशा टप्प्यांनी पैसे घेतले गेले. प्रत्येक टप्प्यावर मागची रक्कम वाया जाऊ नये म्हणून पुढची भरावी लागते, आणि हे टप्पे तसेच आखलेले असतात.

मी डोळे मिटून पैसे दिले, असे ज्यांना वाटते त्यांनी पुढचे वाचावे. करार मी पूर्ण वाचला होता. तो स्टुडिओ बालीच्या चांगू भागात खरोखर आहे, हे नकाशावर आणि तेथे जाऊन आलेल्या पर्यटकांच्या छायाचित्रांवरून पडताळले होते. आधीच्या एका इंटर्नशी व्हिडिओ कॉलवर बोलले होते, तिने सगळे उत्तम असल्याचे सांगितले होते. नव्या प्रत्येक मुलीमागे तिला ५,००० रुपये मिळत होते, हे मला तिच्याकडूनच नंतर कळले. एजन्सीने ओळख करून दिलेल्या माजी इंटर्नच्या शब्दावर विश्वास ठेवू नका. स्टुडिओच्या मालकाशी, स्टुडिओच्या स्वतःच्या फोन क्रमांकावर, स्वतः बोला.

ज्या क्षणाचा विचार करून आजही माझा जीव जळतो, तो व्हिसाचा आहे. बावीस हजार रुपये घेऊन एजन्सीने मला जो कागद पाठवला, तो व्हिसा ऑन अरायव्हलचा, म्हणजे तेथे पोहोचल्यावर पर्यटकांना मिळणाऱ्या व्हिसाचा, ऑनलाइन अर्ज होता. त्याचे सरकारी शुल्क ५,००,००० रुपिया (रुपिया हे इंडोनेशियाचे चलन) आहे, म्हणजे आपले तीन हजार रुपयेसुद्धा नाहीत, आणि इंडोनेशियाच्या इमिग्रेशन विभागाच्या अधिकृत ई-व्हिसा संकेतस्थळावर तो अर्ज कोणालाही स्वतः भरता येतो. पण पैशांपेक्षा महत्त्वाचे म्हणजे हा व्हिसा तीस दिवसांचा असतो आणि एकदाच, आणखी तीस दिवसांनी वाढवता येतो. तीस आणि तीस मिळून साठ होतात, आणि माझी इंटर्नशिप तीन महिन्यांची होती! हा हिशेब माझ्या डोळ्यांसमोर होता. मी विचारलेही. उत्तर आले की सगळे इंटर्न असेच जातात, मध्ये एकदा सिंगापूरला जाऊन नवा व्हिसा घेऊन परत यायचे, आणि विमानतळावर कोणी विचारले तर ‘फिरायला आले आहे’ एवढेच सांगायचे. त्या वेळी माझे लाखाहून अधिक रुपये त्यांच्याकडे अडकलेले होते, तिकीट काढून झाले होते आणि घरच्यांना तारीख सांगून झाली होती. अशा अवस्थेत माणूस ज्या उत्तराने पुढे जाता येईल तेच उत्तर खरे मानतो. सीमेवर खोटे बोलायला सांगणारा माणूस तुमचा तक्रार करण्याचा मार्ग आधीच बंद करत असतो, हे मला तेव्हा दिसायला हवे होते. इंडोनेशियात इंटर्नशिपसाठी वेगळा व्हिसा असतो आणि त्याला तेथील प्रायोजक लागतो. जो एजंट तो व्हिसा मिळवून देणार नसेल, त्याला एक रुपयाही देऊ नका.

बेट प्रवेश शुल्काची गोष्टही अशीच आहे. बालीत येणाऱ्या परदेशी पर्यटकांकडून १४ फेब्रुवारी २०२४ पासून १,५०,००० रुपिया आकारले जातात, म्हणजे हजार रुपयांच्या आतली रक्कम, आणि ती ऑनलाइन स्वतः भरता येते. माझ्याकडून साडेचार हजार घेतले, आणि विमानतळावर पावती मागितली गेली तेव्हा माझ्या नावाने काहीच भरलेले नव्हते. मी ती रक्कम तेथे पुन्हा भरली.

स्टुडिओत मला एकही वर्ग शिकवायला मिळाला नाही. चटया पुसणे, टॉवेल धुणे, स्वागतकक्षात बसणे आणि पाहुण्यांचे व्हिडिओ काढणे, हे काम सकाळपासून रात्रीपर्यंत होते. राहण्याची खोली चौघींची होती. व्यवस्थापकाच्या म्हणण्यानुसार एजन्सीने त्यांच्याकडे फक्त ‘कामाच्या बदल्यात निवास’ एवढेच ठरवले होते, विद्यावेतनाचा विषयच झाला नव्हता आणि अनामत त्यांच्यापर्यंत पोहोचलीच नव्हती. पासपोर्ट मात्र पहिल्याच दिवशी ‘नोंदणीसाठी’ म्हणून ठेवून घेतला. राहण्याच्या ठिकाणाने परदेशी पाहुण्याची माहिती इमिग्रेशनला कळवायची असते हे खरे आहे, परंतु त्यासाठी पासपोर्टमधील तपशील पुरतो, मूळ पासपोर्ट ताब्यात ठेवण्याची काहीही गरज नसते. तो कोणाच्याही कपाटात जाऊ देऊ नका.

मी जाब विचारला तेव्हा व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले, “तुम्ही खुशाल इमिग्रेशनकडे जा, पर्यटक व्हिसावर काम तुम्ही करत आहात.” मी म्हटलेले कुलूप हेच. इंडोनेशियाच्या २०११ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम १२२ नुसार निवास परवान्याचा गैरवापर करणाऱ्या परदेशी व्यक्तीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि ५० कोटी रुपियांपर्यंत दंड होऊ शकतो. पगार मिळत नव्हता म्हणून ते काम ठरत नाही, असे समजून निर्धास्त राहू नका. मुदत उलटून राहिल्यास दर दिवसाला दहा लाख रुपिया दंड आहे तो वेगळाच. ज्याने मला लुटले त्याला काहीच भीती नव्हती आणि लुटल्या गेलेल्या मला तुरुंगाची भीती होती. शेवटी अनामतीवर माझा हक्क नाही, अशा कागदावर सही केल्यावरच पासपोर्ट हाती आला. ती सही मी दबावाखाली केली आहे, आणि हे मी प्रत्येक अर्जात लिहिले आहे.

ज्या प्रमाणपत्रासाठी हा सारा खटाटोप केला, त्याविषयीही सांगते. योगा अलायन्स ही अमेरिकेतील नोंदणी संस्था आहे, ती परवाना देणारी सरकारी यंत्रणा नाही. तेथे अध्यापनाच्या तासांची नोंद शिक्षक स्वतः करतो. त्यामुळे ‘योगा अलायन्सला चालणारे शंभर तासांचे प्रमाणपत्र’ म्हणून जे विकले जाते, त्याची तेथे गरजच नसते.

परत आल्यावर जे झाले त्याचा संताप मला फसवणुकीइतकाच आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “तुम्ही गेलात, राहिलात, सुखरूप परत आलात, मग फसवणूक कुठे झाली?” मग सांगण्यात आले की हा करारभंग आहे, दिवाणी न्यायालयात जा. नंतर पैसे ज्या खात्यांत गेले ती दुसऱ्या जिल्ह्यातील असल्याने तक्रार तिकडे द्या, असे सुचवले. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस न्यायालयाच्या आदेशाशिवाय करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडलेला असला तरी, कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, आणि फसवणूक करून मालमत्ता घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. हे मी वाचून दाखवले तेव्हा मलाच ‘वकिली शिकवू नका’ असे ऐकवले गेले. सायबर विभागाने म्हटले की खाते हॅक झालेले नाही, पैसे तुम्हीच पाठवले. बँकेचेही तेच उत्तर होते. हे पैसे कंपनीच्या खात्यात न मागता तीन वेगवेगळ्या व्यक्तींच्या खात्यांत यूपीआयने मागितले होते, हे कोणालाच संशयास्पद वाटले नाही. स्थलांतराशी संबंधित कार्यालयात गेले तर इंटर्नशिप ही नोकरी नसल्याने विषय आमचा नाही, असे सांगून त्यांनी हात झटकले. १९८३ च्या स्थलांतर कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाला नोंदणी बंधनकारक आहे आणि त्याच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. त्या मर्यादेतून सुटण्यासाठीच ही मंडळी ‘इंटर्नशिप’ म्हणतात, आणि कार्यालय ती पळवाट मान्य करते. कोणीही साधी पोचसुद्धा स्वतःहून दिली नाही. प्रत्येक अर्जाची प्रत सोबत न्या आणि तिच्यावर शिक्का घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

पैसे नुकतेच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर त्याच तासात फोन करा, कारण रक्कम पुढे वळवली जाण्याआधीच खाते गोठवता येते. माझ्या बाबतीत ती वेळ केव्हाच निघून गेली होती. संदेश, पावत्या, व्हिडिओ कॉलची वेळ, सारे जपून ठेवा. एजन्सीने आमचा संदेशांचा गट बंद केला तेव्हा माझ्याकडचे निम्मे संदेश गेले, उरलेल्यांचे मी छापील कागद करून घेतले आहेत.

गुन्हा नोंदवायला नकार मिळाल्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे मी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज रजिस्टर टपालाने पाठवला आहे. अद्याप उत्तर नाही. ते आले नाही तर त्याच कलमाने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तो अर्ज लिहून तयार आहे.