समलिंगी पुरुषांसाठीचे डेटिंग ॲप : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या पावसाळ्यात मी हे ॲप घेतले आणि आठ महिने जवळजवळ रोज वापरले. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीपुरती नाही. २००९ साली ग्राइंडर आले आणि जवळपासच्या पुरुषांची प्रोफाइल अंतराच्या क्रमाने चौकटींत मांडण्याची जी पद्धत रूढ झाली, त्याच घराण्यातले हे आहे.

पहिल्या पंधरवड्यातला आनंद खरा होता, हे आधी नोंदवतो. वयाच्या पस्तिशीपर्यंत मी आपल्यासारख्या माणसाबरोबर निवांत चहा प्यायलो नव्हतो, आणि इथे कोथरूडपासून तीन किलोमीटरांच्या आत शंभरेक चौकटी होत्या. निम्म्यांत चेहराच नव्हता : कुठे बुलेटचे हँडल, कुठे सूर्यास्त, कुठे मानेखालचे धड. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांचे संमतीचे संबंध कलम ३७७ मधून वगळले खरे; परंतु घरमालक आणि मावश्यांपर्यंत तो निकाल अजून पोचायचा आहे, त्यामुळे मी कोणाला नावे ठेवत नाही. माझाही सूर्यास्तच होता.

त्रास झाला तो नकाराचा नव्हे. ‘नको’ म्हणणारा फार तर एक संध्याकाळ खराब करतो. ‘हाय, प्लेस आहे?’ असे विचारून, फोटो मागवून, तो पाहताच ब्लॉक करणारा मात्र आठवडाभर आरशात भेटत राहतो. उत्तर कधी येते, कधी येत नाही, आणि नेमके म्हणूनच मटक्याचा आकडा पाहावा तसा फोन पुन्हा पुन्हा पाहिला जातो. डिसेंबरात माझे रात्रीचे दीड-दोन सहज वाजत. ‘बायकी नकोत’ हे आपल्याच माणसांनी लिहिलेले वाचून वाचून मी फोनवर आवाज जाड करून बोलू लागलो होतो. ते समुपदेशकाने लक्षात आणून दिले. शाळेत जे फुकट ऐकले, तेच इथे पैसे भरून वाचत होतो, कारण जानेवारीत सशुल्क आवृत्ती घेतली होती. कोण प्रोफाइल पाहून गेले ते तीत दिसते, म्हणजेच कोण पाहून काहीही न बोलता गेले तेही दिसते. झोपण्यापूर्वी ही यादी कोणी वाचू नये.

दिवाळीत सांगलीला घरी असताना पहिल्याच चौकटीखाली ‘२४० मीटर’ असे आले. आमची गल्लीच तेवढी. मला तो दिसतो तर त्याला मीही दिसत असणार, या विचाराने तीन दिवस किराणावाल्यापासून डॉक्टरांपर्यंत प्रत्येकाच्या नजरेला नजर देणे मी टाळले. अंतर लपवण्याची सोय आहे, पण ती सेटिंग्जमध्ये इतकी आत दडलेली आहे की मला फेब्रुवारीत सापडली. नवीन माणसाला ती पहिल्याच दिवशी विचारायला हवी.

आता सूचना बंद आहेत, वर्गणी संपली आहे, आणि फोन रात्री स्वयंपाकघरात असतो. झोप सुधारली. आठ महिन्यांत ओळखी टिकल्या त्या दोनच. त्यांतल्या एकाबरोबर रविवारी सकाळी वेताळ टेकडी चढतो.

पाचपैकी अडीच तारे. त्यातला अर्धा टेकडीच्या खात्यावर.