डीएम गाइडमधले ऑप्शनल रूल्स: कुठले घ्यायचे, कुठले पुस्तकातच राहू द्यायचे

डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, डाइस टाकत गोष्ट रंगवायचा टेबलावरचा खेळ) फिफ्थ एडिशनचं २०१४ चं डंजन मास्टर्स गाइड लोक मॅजिक आयटम्ससाठी घेतात, पण खरा माल नवव्या चॅप्टरमध्ये आहे, डंजन मास्टर्स वर्कशॉप. तो शेवटी येतो त्यामुळे बरेच डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) तिथवर पोचतच नाहीत. हा रिव्ह्यू त्याच भागाचा, आणि जोडीला अजून दोन-तीन नियम, कारण कॅम्पेन, म्हणजे बरेच दिवस चालणारी गोष्ट, सुरू करताना हे सगळं एकदमच ठरवावं लागतं.

सगळ्यात भारी म्हणजे ग्रिटी रिअलिझम. रेस्ट म्हणजे जखमा भरायला आणि जादू परत मिळवायला घेतलेली विश्रांती, इथे शॉर्ट रेस्ट ८ तासांची आणि लाँग रेस्ट थेट ७ दिवसांची. ऐकून वाटतं आता खेळ रडतखडत चालणार, पण प्रवास आणि राजकारण जास्त असेल तर हा नियम मस्त बसतो, कारण जंगलातून आठवडाभर चालायचं आणि वाटेत एखादीच मारामारी असेल तर नेहमीच्या नियमात तिला काय अर्थ उरतो, सगळे रात्री झोपले की सकाळी ठणठणीत. इथे जखम अंगावर राहते. फक्त विझर्डवाल्याला आधी विचारा. मेज आर्मर हा जादूच्या चिलखताचा स्पेल टिकतो ८ तास आणि त्याचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) परत येणार पुढच्या लाँग रेस्टला, म्हणजे तो स्पेल जवळपास बाद, आणि तिकडे वॉरलॉक, ज्याचे स्लॉट शॉर्ट रेस्टलाच परत येतात, रोज सकाळी फुल स्लॉट घेऊन उठतोय. आमच्या ग्रुपमधली विझर्ड म्हणाली, ‘एक दिवस जादू आणि सहा दिवस क्रॉसबो, मग मी फायटरच घेते ना!’ शेवटी तासांत मोजले जाणारे स्पेल जास्त टिकतील असं ठरवलं तेव्हा गाडी रुळावर आली. पुस्तकाने ही सोय स्वतःच सुचवायला हवी होती, तिथे मी मार्क कापले.

फ्लँकिंग घेऊ नका. शत्रूच्या दोन्ही बाजूंना दोघं उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हान्टेज (दोनदा डाइस टाकून मोठा आकडा घ्यायचा), इतकं सोपं. मग बार्बेरियनने रेकलेस अटॅक का करायचा, ज्यात स्वतःवर मार ओढवून जे मिळतं तेच इथे दोन पावलं सरकून फुकटात मिळतंय? शिवाय गॉब्लिन्सना पण हाच नियम लागू, आणि गॉब्लिन नेहमी जास्तच असतात. हवंच असेल तर थर्ड एडिशनसारखं सरळ +२ द्या.

नॅचरल १, म्हणजे अटॅकच्या वीस बाजूंच्या डाइसवर सरळ १, आला की तलवार हातातून सुटली, धनुष्याची दोरी तुटली, हा फंबलवाला हाउस रूल (पुस्तकात नसलेला, टेबलावर आपणच ठरवलेला नियम) तर मला बिलकुल पटत नाही. फायटरला ११ व्या लेव्हलला तीन अटॅक मिळतात, म्हणजे दर टर्नला फजिती व्हायचा चान्स साधारण १४ टक्के, आणि फायरबॉल टाकणारा अटॅक रोलच करत नाही म्हणून त्याला शून्य. जितका मुरलेला योद्धा तितका जास्त धडपडणार, असलं कुठे असतं का?

ओझ्याचा ऑप्शनल नियम (हा प्लेयर्स हँडबुकमध्ये आहे) कागदावर छान आहे, पण स्ट्रेंग्थ ८ च्या विझर्डला ४० पाउंडांच्या वर गेलं की स्पीड १० फुटांनी कमी, आणि एक्सप्लोरर्स पॅकच भरतो ५९ पाउंड. म्हणजे घरातून निघतानाच बिचारा लंगडतोय. डंजनमध्ये अन्नपाण्याचं टेन्शन हवं असेल तरच घ्या. जखमांचं टेबल, ज्यात १ पडला की डोळा गेला, ते हॉरर कॅम्पेनपुरतं ठीक, कारण डोळा परत आणायला रीजनरेट लागतो आणि तो सातव्या लेव्हलचा स्पेल आहे. साइड इनिशिएटिव्ह, म्हणजे कुणाचा नंबर आधी हे ठरवायला एका बाजूने एकच डाइस, खूप लोक खेळत असतील तर वेळ वाचवतो, पण पहिल्या लेव्हलला नको, राक्षसांचा नंबर आधी लागला तर कुणीतरी एकाच राउंडला आडवा.

पोशन बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधल्या जादाच्या छोट्या ॲक्शनमध्ये) पिण्याचा हाउस रूल कितीतरी टेबलांवर चालायचा, तो २०२४ च्या नियमांत अधिकृतच झालाय, त्यामुळे त्यावर वाद घालायचं कारण नाही. त्या नव्या गाइडमध्ये वर्कशॉपचा चॅप्टर मात्र नाहीये, म्हणून जुनं गाइड सेकंडहँड मिळालं तर उचला. माझ्याकडून ५ पैकी ४.